मोंझेन-नाकाचोमधल्या आठ खुर्च्या: गल्लीतल्या भारी सुशीवाल्याकडे एक संध्याकाळ

पूर्वकिनारा

तोक्योत निशी-कासाईला राहायला लागून मला अकरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत सुशी खाल्ली ती बहुतेक फिरत्या पट्ट्यावरची. नाहीतर सुपरमार्केटमध्ये रात्री आठनंतर अर्ध्या किमतीचा पिवळा स्टिकर चिकटला की उचललेली. त्यात वाईट काही नाही, स्टिकरवाली अजूनही खातो.

पण तोझाई लाइनवर चार स्टेशनं पुढे मोंझेन-नाकाचो आहे. तिथल्या तोमिओका हाचिमान देवळाच्या मागच्या गल्लीत एक दुकान माझ्या नजरेत बरीच वर्षं होतं. बाहेर पांढरा नोरेन, म्हणजे दारावरचा कापडी पडदा, आणि एक कुंडी. फोटो नाही, दर नाहीत, प्लास्टिकची सुशी मांडलेलं कपाटही नाही. दर लिहिलेले नसले की आपण काय करतो? चालीचा वेग वाढवतो. मीही तेच करत होतो. शेवटी ऑफिसातल्या एका जपानी सहकाऱ्याने फोन करून जागा धरून दिली आणि बजावलं, "परफ्यूम लावू नकोस. आणि वेळेवर जा."

जुलैचा दुसरा आठवडा, पावसाची रिपरिप. दार सरकवलं तर आत फक्त आठ खुर्च्या. समोर हिनोकी लाकडाचा अखंड काउंटर, इतका घासलेला की त्यावर कोपर ठेवायचीही चोरी. पलीकडे साठीचे ताइशो (मालक-आचाऱ्याला असंच हाकारतात), त्यांच्या मागे एक पोरगेला शिकाऊ, आणि चहा, बिल, छत्र्या सगळं बघणाऱ्या त्यांच्या बायको, म्हणजे ओकामी. मेनूकार्ड नाही. काय चालत नाही, कशाची ॲलर्जी आहे का, एवढंच विचारलं. बाकी ओमाकासे, म्हणजे "तुम्ही द्याल ते".

आता मुद्द्याचं. मी डावखुरा आहे. पण आजीने लहानपणी डावा हात ताटाजवळ येऊ दिला नाही. परिणामी माझी वायरिंग विचित्र झाली आहे: लिहितो डाव्याने, चमचा आणि चॉपस्टिक डाव्या हातात, पण हाताने जेवायचं म्हटलं की उजवा. सुरुवातीला वाटीत थोडं काहीतरी उकडलेलं आलं, ते मी चॉपस्टिकने डाव्या हाताने खाल्लं. मग पहिली निगिरी, म्हणजे वळलेल्या भातावर बसवलेला माशाचा तुकडा, आली. माझ्यापुढे ती जरा तिरपी ठेवली होती, शेजारच्या काकांपुढची बरोबर उलट्या बाजूला तिरपी. मला काही कळलं नाही. मी आपली ती उजव्या हाताने उचलली. दुसरीही. तिसरीपासून माझ्या निगिरीची दिशा बदलली, ज्या हाताने उचलतो त्याला सोयीची अशी. मधे आल्याचा काप, म्हणजे गारी, मी चॉपस्टिकने घेतला. पुढचा घास वळून झाल्यावर ताइशोंचा हात हवेत थांबला. त्यांनी माझ्या एका हाताकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे, आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "कुठून ठेवू?"

शेजारचे काका हसले, ओकामी हसल्या, शिकाऊ पोरगा हसायचं नाही म्हणून वळून भांडी पुसायला लागला. मी मोडक्या जपानीत आजीची गोष्ट सांगितली. ताइशो म्हणाले, त्यांच्या आजीनेही तेच केलं होतं. सुरी उजव्या हातात, बेसबॉलचा चेंडू डाव्या!

खाण्याबद्दल. भात पांढरा नव्हता, फिकट तपकिरी होता. साके ही तांदळाची दारू गाळून उरलेला चोथा वर्षानुवर्षं मुरवून जो तांबडा व्हिनेगर करतात (आकाझू), तो त्यात होता. गोड अजिबात नाही. आणि गार नाही! हाताला कळेल न कळेल इतका कोमट. सुपरमार्केटचा थंड गोळा खाऊन मी सुशीचा भात असाच असतो असं धरून चाललो होतो. इथे तो तोंडात गेल्यावर आपोआप सुटला, दाणा दाणा वेगळा.

किसू नावाचा नाजूक पांढरा मासा कोंबू या समुद्री वनस्पतीच्या पट्ट्यात दाबून ठेवलेला. मग अजी नावाचा मासा, मग सोया सॉसमध्ये मुरवलेला ट्यूनाचा लाल भाग. शिंकोची अंगठ्याएवढी दोन पिल्लं एका घासावर जोडून बसवलेली, मीठ आणि व्हिनेगर लावून. हेच मासे मोठे झाले की कोहादा, आणखी मोठे झाले की कोनोशिरो. आणि जसजसे मोठे होतात तसतसे स्वस्त. शेवटाकडे अनागो, खाऱ्या पाण्यातली ईल, शिजवून इतकी मऊ केलेली की उचलतानाच तुटायच्या बेतात. त्यावर दाट गोडसर त्सुमे सॉस. सोया सॉसची वाटी मला दिलीच नाही, प्रत्येक तुकड्यावर ते स्वतःच ब्रश फिरवत होते.

चौदा निगिरी, मधले दोन-तीन पदार्थ, शेवटी तामागो, म्हणजे अंड्याचं ऑम्लेट, आणि सूप. १६,५०० येन, करासकट. एक साके २,२००. एकूण १८,७००. टीप हा प्रकार जपानात नाही. ओकामी भर पावसात दाराबाहेर आल्या आणि मी कोपऱ्यावर वळेपर्यंत वाकून उभ्या होत्या. त्यामुळे कोपऱ्यापर्यंत मला ताठ चालावं लागलं.

कोणी असे अनुभव घेतलेत का? लिहा.

अधिकउणे

छान लिहिलंय, पण हिशेब मांडू द्या. आजच्या भावाने हे साधारण अकरा हजार रुपये झाले. चौदा घास. म्हणजे घासाला पावणेआठशे. त्यात तो मासा शिजवलेलासुद्धा नाही! गॅसचा खर्च वाचला तो कोणाच्या खिशात गेला? एवढ्या पैशात आमच्या घरी महिनाभर सुरमई होईल, वर सोलकढी.

आणि हो, तिरपा घास. मला कोणी ताट तिरपं वाढलं तर मी सरळ करून घेतो, फुकट.

मांदेली

मला त्या माशांची नावं हवीत, आपल्या भाषेत. किसूचा फोटो शोधला. अहो, ही तर आपली मुडदुशी! लांबट, रुपेरी, वाळूतली. जात वेगळी असेल पण कुळ तेच. आमच्याकडे रवा लावून तळतात आणि आजारी माणसाला पथ्याला देतात, इतकी हलकी.

बाकीच्यांचंही सांगा ना. ट्यूना म्हणजे कुपा हे माहीत आहे. आमच्या घरी कुपा म्हणजे दुय्यम, पापलेट मिळालं नाही की आणायचा.

शेंगदाणा

अवांतर: भातावर जो माशाचा तुकडा बसवतात त्याला जपानीत ‘नेता’ म्हणतात हे धागाकर्त्याने मुद्दाम लपवलंय. नेता ताजा हवा, फार वेळ बसवून ठेवला की वास मारतो, आणि खालचा भात कितीही चांगला असला तरी किंमत नेत्याचीच लागते. हलके घ्या.

पूर्वकिनारा

@शेंगदाणा, लपवलं नव्हतं, तुमच्यासाठी राखून ठेवलं होतं. पण या दुकानात उलटं आहे. ताइशो म्हणाले की लोक माशासाठी येतात आणि भातासाठी परत येतात.

@मांदेली, मुडदुशी! मला का सुचलं नाही? आम्ही मूळचे वेंगुर्ल्याचे आणि हा मासा मी लहानपणी ढीगभर खाल्लाय. कच्चा ओळखूच आला नाही. बाकी: साबा हा बांगड्याचा चुलतभाऊ, इवाशी म्हणजे तारली, ताचिउओ म्हणजे वाकटी. क्योतोकडे उन्हाळ्यात ‘हामो’चं फार कौतुक असतं, ती आपली वाम. तिच्यात काटे इतके की त्यांचा आचारी कातडी न तोडता मांसावर सुरीने अगदी जवळजवळ चिरा देत जातो, म्हणजे काटे बारीक होऊन लागत नाहीत. आपण वाम कालवणात ढकलतो आणि काटे ज्याचे त्याने बघायचे.

@अधिकउणे, हिशेब बरोबर आहे. पण घास मोजू नका, खुर्च्या मोजा. आठ खुर्च्या, संध्याकाळी दोन पाळ्या, रविवारी आणि बुधवारी तोयोसूचा घाऊक मासळीबाजार बंद म्हणून दुकान बहुधा बंद. पहाटे मासे आणायचे, दुपारभर खवले, काटे, मीठ, व्हिनेगर. शिंकोची पिल्लं बघितलीत तर कळेल, बोटाएवढ्या माशाचे काटे काढायचे आणि मीठ किती मिनिटं ठेवायचं ते त्या दिवशीच्या माशाच्या जाडीवर. या भावात ताइशो गाडी घेऊन फिरत असतील असं वाटत नाही, सायकल बाहेर उभी होती.

अधिकउणे

सायकल माझीही आहे, पण मी कोणाकडून अकरा हजार घेत नाही. आणि तोयोसूच्या बाजाराचं नाव काढलंत म्हणून: २०१९च्या जानेवारीत तिथे २७८ किलोचा एक ट्यूना ३३ कोटी ३६ लाख येनला गेला होता. हे लोक भानावर आहेत का?

जुनापुराणा

तो नवीन वर्षाचा पहिला लिलाव होता. मुहूर्ताचा सौदा. आपल्याकडे आंब्याच्या पहिल्या पेटीला जो भाव मिळतो त्यावरून हापूसचा दर ठरवता का? शिवाय त्सुकिजीचा १९३५चा बाजार बंद होऊन तोयोसूला हलवला तो ऑक्टोबर २०१८मध्ये, म्हणजे नव्या जागेतली ती पहिलीच दिवाळी. जाहिरात होती ती.

मुळात एक गंमत सांगायची होती. ज्या पदार्थाला आपण ‘भारी’ म्हणतोय तो जन्माने वडापाव आहे. सुशी या शब्दाचा संबंध माशाशी नाही, आंबटपणाशी आहे. सगळ्यात जुना प्रकार म्हणजे मीठ लावलेला मासा भातात पुरून महिनोन्‌महिने आंबवायचा. शिगा प्रांतात बिवा तळ्याकाठी फुनाझुशी अजून करतात. मी चाखली आहे, वास सांगत नाही, जेवायची वेळ आहे. पुढे लोकांना धीर धरवेना, तेव्हा आंबण्याची वाट न बघता भातातच व्हिनेगर घालायला लागले. आणि १८२०च्या दशकात एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत, हातात वळून लगेच पुढे करायची निगिरी आली. श्रेय हानाया योहेई या माणसाला देतात. गाडीवर उभ्याने खायची, दोन-तीन घासांत संपेल एवढी मोठी. गिऱ्हाईक मजूर, सुतार, रंगारी.

तुम्ही लिहिलेला तांबडा व्हिनेगरही तेव्हाचाच. आइचीतल्या हांदा गावी नाकानो माताझाएमोन नावाच्या साकेवाल्याने १८०४मध्ये साकेच्या चोथ्यापासून तो करायला घेतला. टाकाऊतून टिकाऊ. स्वस्त होता म्हणून गाडीवाल्यांनी उचलला. आज तोच व्हिनेगर वापरला म्हणून दुकान भारी!

आणि ओतोरो, तो ट्यूनाच्या पोटाचा चरबीदार भाग ज्यासाठी आज लोक जीव टाकतात, तो त्या काळी टाकून देत. बर्फ नव्हता, चरबी लगेच खराब व्हायची, सोया सॉस आत शिरायचा नाही.

मांदेली

+१ वडापावला. पण मग ती गाडी आठ खुर्च्यांच्या देवळात कधी शिरली?

जुनापुराणा

हळूहळू. १९२३च्या भूकंपात तोक्यो बेचिराख झालं तेव्हा कित्येक कारागीर आपापल्या गावी गेले आणि निगिरी देशभर पसरली. नंतर युद्ध. १९४७मध्ये धान्यटंचाईमुळे सरकारने हॉटेलं बंद केली. तोक्योच्या सुशीवाल्यांनी डोकं लढवलं: आम्ही अन्न विकतच नाही, गिऱ्हाइकाने आणलेला तांदूळ वळून देतो आणि मजुरी घेतो! एक गो तांदूळ आणायचा, म्हणजे साधारण दीडशे ग्रॅम, आणि दहा निगिरी घेऊन जायच्या. आपल्याकडे दळण टाकायला जातात तसं. रस्त्यावरच्या गाड्या युद्धानंतरच्या काळात स्वच्छतेच्या नियमांनी गेल्या. उरलं ते दुकान. आणि स्वस्तात खाणाऱ्यांसाठी १९५८मध्ये ओसाकाजवळ फिरता पट्टा आला, बिअरच्या कारखान्यातला बाटल्यांचा पट्टा बघून एकाला ती कल्पना सुचली होती.

तूपसाखर

मी शाकाहारी, नवरा सगळं खाणारा. लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला त्याला असल्याच एका दुकानात जायचं होतं (दुसरा मोहल्ला, नाव नको). आधी फोन केला. त्यांनी अतिशय अदबीने नाही म्हटलं. इतक्या अदबीने की फोन ठेवल्यावर पाच मिनिटांनी मला कळलं की नकार आला. राग आला होता, आता नाही. आठ खुर्च्यांतल्या एकीवर बसून मी काकडी चावत बसले असते तर त्यांनाही अवघड.

दुसऱ्या एका दुकानाने हो म्हटलं, पण तीन दिवस मागितले. अडचण माशाच्या तुकड्याची नसते, दाशीची असते. सुक्या कात्सुओ माशाचं पाणी सूपमध्ये, तामागोत, भाज्या शिजवताना, सगळीकडे. त्या बाईंनी (हो, ताइशो बाई होत्या!) माझ्यासाठी कोंबू आणि सुक्या शिताके मश्रूमची वेगळी दाशी केली. भाजलेल्या वांग्याची निगिरी, उमेबोशी (खारवलेलं आंबट फळ) आणि शिसो या सुगंधी पाल्याची गुंडाळी, काकडीची काप्पा माकी. पाण्यातल्या काप्पा या भुताला काकडी आवडते म्हणून ते नाव. आणि मग काम्प्यो माकी. तपकिरी, गोडसर, मऊ पट्ट्या, मला फारच आवडल्या. विचारलं हे काय? त्यांनी फळाचं चित्र काढून दाखवलं.

दुधी भोपळा. तोचिगी प्रांतात याच्या लांब पट्ट्या सोलून वाळवतात. लग्नाच्या वाढदिवसाला बारा हजार येन मोजून मी दुधी खाल्ला. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.

अधिकउणे

😂 माझा मुद्दा सिद्ध झाला. मी झोपतो.

जर्सीतला_बाळू

आमच्याकडे न्यूयॉर्कमध्ये तयार अन्नाला उघडा हात लावायला बंदी आहे, त्यामुळे नियमाप्रमाणे भारीतल्या भारी सुशी शेफनेही हातमोजे घालायचे. तुमचे साठीचे ताइशो उघड्या हाताने वळत होते का? आणि सगळ्या यादीत सामन (साल्मन मासा) कुठेच नाही! आमच्याकडे सामन नसेल तर लोक पैसे परत मागतील.

पूर्वकिनारा

उघड्या हातानेच. दर घासाआधी बोटं व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून, तळहातावर टाळी देऊन. त्या टाळीने जास्तीचं पाणी उडतं. अंगुष्ठ, दोन बोटं, फिरव, दाब, संपलं. पाच-सहा हालचाली. मोदकाच्या पाऱ्या काढताना आई पाण्यात बोट बुडवते तेच. हातमोजे घालून उकडीचे मोदक करून बघा.

सामनबद्दल मीही विचारलं, जरा चाचरतच. ताइशो रागावले नाहीत. म्हणाले, जुन्या एदो पद्धतीत तो नव्हताच. इथल्या सामनमध्ये कृमी असत म्हणून तो भाजूनच खात. कच्चा सामन जपान्यांच्या गळी उतरवला तो नॉर्वेवाल्यांनी, १९८०च्या दशकात, त्यांच्याकडे पाळीव सामन उदंड झाला म्हणून. आता पट्ट्यावरच्या दुकानांत तोच सगळ्यांचा लाडका. ताइशोंची नातवंडंही तोच मागतात, आणि तो खायला पट्ट्यावरच जातात. हे सांगताना मात्र त्यांचा चेहरा पडला होता.

नाडीपरीक्षा

कृमींचा विषय निघालाच आहे तर थोडं वैद्यकीय. साबा, कात्सुओ, स्क्विड वगैरेंत अनिसाकिस नावाची बारीक अळी असू शकते. जिवंत पोटात गेली तर काही तासांत कळ अशी येते की माणूस रात्रीच इस्पितळ गाठतो. व्हिनेगर, मीठ, वासाबी यांनी ती मरत नाही. उणे २० अंशांना निदान २४ तास गोठवलं की मरते, शिजवलं की मरते. चांगला कारागीर मासा ताजा असतानाच आतडी काढतो आणि मांस डोळ्यांनी तपासतो. म्हणजे ती ‘गॅसची बचत’ डोळ्यांच्या खर्चात जाते.

घरी मंडईतला बांगडा आणून प्रयोग करू नका, प्लीज. तो मासा कच्चा खाण्यासाठी पकडला, ठेवला, आणलेला नसतो.

गरोदर बायकांसाठी: मोठ्या ट्यूनात पारा जास्त असतो. जपानच्या आरोग्य मंत्रालयाचा सल्ला असा की निळ्या पंखांचा मोठा ट्यूना आठवड्यातून एकदाच, सुमारे ८० ग्रॅम.

रत्नांग्री

सगळे जपानकडून येणाऱ्या सुशीबद्दल बोलताय, आपल्याकडून जाणाऱ्या मालाबद्दल कोणीच नाही. आमच्या रत्नागिरीत राणी मासा घरी फारसा कोणी आणत नाही. त्याचं मांस काढून, धुऊन, दळून सुरिमी करतात आणि गोठवून परदेशात पाठवतात, जपानलाही. गद्रे मरीनचं नाव ऐकलं असेल. सुरिमीपासूनच खेकड्याच्या चवीच्या त्या लाल-पांढऱ्या कांड्या होतात. पट्ट्यावर ‘खेकडा’ म्हणून जे फिरतं त्यात खेकडा नसतो, पण मिरकरवाड्याचा राणी मासा असू शकतो.

बाळूशेठ, तुमच्या कॅलिफोर्निया रोलमध्येही तीच कांडी. तुम्ही इतकी वर्षं माहेरचंच खाताय.

जर्सीतला_बाळू

दोन मिनिटं शांत बसलो.

घड्याळजी

एक तक्रार. असल्या दुकानांचं बुकिंग रद्द करण्याचं प्रकरण कोणी बोलत नाही. मागच्या वर्षी सहकुटुंब फिरायला गेलो असताना एका ठिकाणी चौघांचं बुकिंग केलं. धाकटीला ताप आला, दुपारी कळवलं. कार्डावरून चौघांचे पूर्ण पैसे कापले. घास नाही, वाकून नमस्कार नाही. आम्ही हॉटेलच्या खोलीत कप नूडल्स खाल्ले. नियम लिहिलेला होता हे मान्य, पण आजारी मूल?

तूपसाखर

वाईट वाटलं. पण त्यांनी मासा त्या चार जणांसाठीच आणलेला असतो, उद्याला चालत नाही. आमच्या त्या बाईंनी सांगितलं की परदेशी पाहुणे चार-चार ठिकाणी बुक करून एकाच ठिकाणी जातात, म्हणून हे सुरू झालं. तुम्ही त्यातले नव्हतात, भुर्दंड मात्र तुम्हाला.

मांदेली

काही शिष्टाचार सांगा ना, जाण्याआधी माहीत हवेत असे.

पूर्वकिनारा

मला कळले ते एवढेच. समोर ठेवलं की लगेच खा, फोटो काढायचाच तर एक, तोही विचारून. शेजारी बाई आठ फोटो काढत होती तेव्हा ताइशो फक्त तिच्या निगिरीकडे बघत होते, जणू दूध उतू चाललंय. हाताने खाल्लं तरी चालतं, आपल्याला तर बरंच. वासाबी आत लावलेली असते, वर लादू नका. नको असेल तर ‘साबी-नुकी’ म्हणा, लाजू नका.

दुकानातले लोक आपसात सोया सॉसला मुरासाकी म्हणजे ‘जांभळा’, वासाबीला नामिदा म्हणजे ‘अश्रू’, बिलाला ओआइसो म्हणतात. हे शब्द शिकून गिऱ्हाइकाने वापरू नयेत. मी ‘ओआइसो’ म्हणून शायनिंग मारायला गेलो आणि शेजारच्या काकांनी हळूच दुरुस्त केलं: तो शब्द त्यांचा, आपण साधं ‘ओकाइकेई’ म्हणायचं.

आणि पैसे जपून जायचं असेल तर दुपारी जा. याच दुकानात दुपारी दहा निगिरींचं ताट ४,४०० येनला आहे. @अधिकउणे, घासाला अडीचशेच्या आसपास. येताय?

अधिकउणे

विमानाचं तिकीट घासांत मिळवून सांगा.

पूर्वकिनारा

(धागा वर काढतोय, दीड महिन्याने.)

अपडेट. आई ऑगस्टमध्ये तीन आठवडे आली होती. वय ७१, आयुष्यभर मासे, पण कच्चा कधीच नाही. तिला मोंझेन-नाकाचोला नेऊ की नको यावर घरात दोन तट पडले. शेवटी ताइशोंना फोन करून विचारलं. ते म्हणाले, आणा, शिजवलेलं जास्त देतो.

आई नऊवारी नाही, पण कडक इस्त्रीची साडी नेसून त्या हिनोकी काउंटरपुढे बसली आणि पहिल्यांदा तिने लाकडाला वास घेऊन पाहिला. ताइशोंना ते आवडलं. उकडलेली कोळंबी, तामागो, शिजवलेली कालवं मजेत खाल्ली. उनी (सी अर्चिन) बघून "माका नको", विषय संपला. किसू त्या दिवशी कोंबूत दाबलेला होता. मी म्हटलं, मुडदुशी आहे. तिने खाल्ली, बराच वेळ चावली, आणि म्हणाली, "बरी आसा. पण हिका कोणी तरी तळूक होयी होती." मी भाषांतर केलं नाही. ओकामींना बहुतेक तरीही कळलं.

मग तिने विचारलं, "ह्यांची डोकी खंय जातत?" हे मात्र भाषांतर केलं. ताइशोंनी शिकाऊ पोराला खूण केली. शेवटी सूप आलं ते डोकी आणि काटे उकळून केलेलं. आईने वाटी दोन्ही हातांनी उचलून संपवली आणि दुसरी मागितली. दुसरी वाटी मागायची नसते असं मला वाटत होतं, पण मिळाली.

त्याआधी अनागो आली होती. या वेळी त्सुमेच्या वर त्यांनी चिमूटभर हिरवट पूड टाकली. आईने घास तोंडाजवळ नेला आणि तिथेच थांबवला. म्हणाली, "ह्यात तिरफळ आसा."

मी म्हटलं, आई, जपानात कुठलं तिरफळ. ती ऐकेना. ताइशोंना विचारलं तर ते आत जाऊन एक बरणी घेऊन आले: सानशो. मी तिथेच फोनवर शोधलं. सानशो आणि तिरफळ एकाच कुळातले, सख्खे चुलत. आईने बरणीत नाक घातलं, डोळे मिटले, आणि "कोवळा आसा, आमच्यापेक्षा" असा निकाल दिला. मग माझ्यामार्फत त्या माणसाला सांगितलं की तिरफळ ईलवर वाया घालवू नये, ते बांगड्याच्या तिखल्यात घालायचं, ठेचून, बी काढून. बी काढून हे तिने दोनदा सांगायला लावलं. ताइशोंनी खिशातली वही काढून लिहून घेतलं. खोटं नाही.

साबाचा मोसम ऑक्टोबरपासून. तेव्हा तुझ्या आईचं ते तिरफळ थोडं घेऊन ये, असं मला बजावलंय. आई परत गेली, माझं ऑक्टोबरचं बुकिंग झालंय, आणि घरात तिरफळाचा एक दाणा नाही. वेंगुर्ल्याहून तोक्योला वाळवलेलं तिरफळ पाठवायचा कोणाला अनुभव आहे का? कुरियरवाला विचारतोय हे औषध आहे की बी-बियाणं.

रत्नांग्री

मसाला म्हणून लिवा. व्यक्तिगत निरोप केलाय, पुढच्या महिन्यात भाचा चाललाय तोक्योला.